डावीकडून उभे

कोल्हापुरात माणसाला नाव विचारायच्या आधी पेठ विचारतात. पेठ कळली की तालीम कळते, आणि तालीम कळली की पुढचं बोलणं कुठल्या पट्टीत करायचं हे समोरच्यानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं. मंगळवार पेठ म्हटली की पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शिवाजी पेठ म्हटली की खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ. शिवाय दिलबहार, जुना बुधवार, उत्तरेश्वर, फुलेवाडी. बाहेरगावच्या पाहुण्याला ही यादी ऐकवली तर त्याला वाटतं, गणपती मंडळांची नावं सांगताहेत. तेही खोटं नाही. गणपती हीच मंडळी बसवतात, शिवजयंती हीच करतात, पूर आला की लोकांना बाहेर काढायला हीच पोरं पाण्यात उतरतात. पण थंडी पडल्यापासून उन्हाळा चांगला तापेपर्यंत ही नावं घेतली जातात ती फुटबॉलसाठी.

माझा मामा यांपैकी एका तालमीकडून खेळला. तालमीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मं कोल्हापूर इथंच पान उलटेल आणि उरलेलं निम्मं "तो हॅण्ड नव्हताच" म्हणून वाद घालत बसेल. त्या हॅण्डचं पुढे सांगते.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे गावाच्या तोंडी केएसए, ही १९४० सालची. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, दरबार गेला, पण फुटबॉलवरचा छत्रपती घराण्याचा हात काही निघाला नाही. आजही लीगला शाहू छत्रपतींचंच नाव आहे. वरिष्ठ गटात सोळा संघ, तळाला राहिलेल्यांनी खालच्या गटात उतरायचं, खालच्यांनी वर यायचं. आधी साखळी सामने, मग महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. दिवसाला दोन सामने, एक दुपारी दोनला आणि दुसरा चारला. दुपारी दोनला कामावरचा माणूस मैदानात कसा पोचतो, हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारत नाही. पोचतो.

या गावानं फुटबॉल का उचलला, याचं कोडं मला लहानपणापासून आहे. गाव कुस्तीचं. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. देशभरातले मल्ल इथं आले, गल्लोगल्ली तालमी झाल्या, तांबडी माती, मारुतीचा कोनाडा, भिंतीला टेकवलेल्या करेली. अशा तालमीत फुटबॉल शिरला तो भाडेकरू म्हणून, आणि पुढं घरमालक झाला. मामा याचं एकच कारण सांगायचा. कुस्ती मारली तर पैलवानाचं नाव होतं, गल्लीचं होतं ते नंतर. फुटबॉलमध्ये गल्लीचं आधी होतं. दुसरं कारण मला दिसतं ते असं: कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम. आमच्या आजोबांच्या पगारात एका पोराला पैलवान करणं बसत नव्हतं. एका चेंडूवर मात्र बावीस पोरं खेळतात, आणि तो तालीम आणते. मला हे हिशेबाचं कारण नावाच्या कारणापेक्षा जास्त पटतं. मामाला विचारलं असतं तर त्यानं हट्टानं पहिलंच खरं मानलं असतं.

ज्या शाहू स्टेडियमवर लीग चालते तिथं पूर्वी तळं होतं, रावणेश्वराचं. देऊळ अजून शेजारी आहे. कोल्हापूरनं आपली तळी अशीच एकेक करून बुजवली. कपिलतीर्थावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. तळं बुजवलं तरी पाण्याला जुनी वाट ठाऊक असते, त्यामुळे गांधी मैदानात पावसाळ्यात आजही पाणी साठतं. मामाच्या पिढीचा निम्मा सराव त्या मैदानावर झाला. पावसाळा सरला तरी चिखल वाळायला वेळ लागायचा, आणि चिखलात खेळून खेळून त्या पोरांच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या, असं आज्जी सांगायची. ती कौतुकानं सांगायची की कपडे धुऊन धुऊन वैतागून, ते तिच्या आवाजावरून कधीच कळलं नाही.

मामा शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होता. सकाळी सहाला मैदान, मग गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध, तिथून तसाच सायकलवर कारखाना. सामना असला की मालक अर्धा दिवस सोडायचा, कारण मालक त्याच तालमीचा. सामना हरला की दुसऱ्या दिवशी तोच मालक मशीनजवळ येऊन उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही. मामा म्हणायचा, पगार कापला असता तर बरं वाटलं असतं. त्याचे पहिले बूट ओळखीच्या चप्पल कारागिरानं शिवून दिलेले, तळाला चामड्याच्याच टिकल्या ठोकलेल्या. ते बूट तालमीच्या लाल मातीत न्यायचे नाहीत असा नियम होता. हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री अकरा जर्सी घडी करून मारुतीपुढं ठेवायच्या आणि सकाळी वस्तादानं एकेक हातात द्यायची. ज्याला मिळाली नाही त्यानं बाहेर बसून लिंबं कापायची. मामानं दोन वर्षं लिंबं कापली आणि मग जे राइट हाफचं जाकीट अंगात घातलं ते केस पांढरे व्हायला लागेपर्यंत काढलं नाही.

फ्रॉक घालण्याच्या वयापर्यंत मी त्याच्याबरोबर स्टेडियमवर जायची. मामाचे मित्र मला गॅलरीत मधोमध बसवायचे, भडंगाची पुडी हातात द्यायचे आणि शिवी आली की माझ्या कानावर हात ठेवायचे. माझे कान बराच वेळ झाकलेलेच असत. मग एका वर्षी आज्जी म्हणाली, आता पुरे. पुढची कितीतरी वर्षं मी लीगचा एकही सामना पाहिला नाही, आणि तरीही लीग मला पाठ होती.

ती अशी. रात्री जेवणं उरकली की मामा स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसायचा आणि घासायला काढलेल्या वाट्या पुढं ओढायचा. अकरा वाट्या उपड्या घालायच्या, तो आपला संघ. समोरचे पेले. दोन्हीकडं दोन-दोन तांबे, ते गोलपोस्ट. आणि मधे सुपारी. मग सामना पहिल्यापासून. कुठल्या वाटीनं कुणाला पास दिला, कुठला पेला कुठं घसरला, पंच कुठं बघत होता. आज्जी भांडी घासायची खोळंबून दारात उभी. आई हसून हसून बेजार. कोपऱ्याला चेपलेली एक वाटी होती, ती मामाची स्वतःची. त्या वाटीनं गोल मारल्याचं मी कधी पाहिलं नाही. ती सारखी मागं पळायची. "फॉरवर्ड पुढं गेला की सगळं गाव त्याच्याकडं बघतंय," मामा म्हणायचा, "पण त्याच्या मागं मोकळी पडलेली जागा कोण बुजवतंय ते बघ. तिथं मॅच असत्या."

हल्ली प्रत्येक सामन्यानंतर दोन बक्षिसं देतात, एक सामनावीर आणि दुसरं लढवय्या खेळाडू. वर्तमानपत्रात दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापून येतात. सामनावीर सगळीकडंच असतो. झुंजलेल्याची नोंद वेगळी ठेवावी असं वाटणारं गाव मला आवडतं.

मामी पलीकडच्या पेठेतली. लग्न ठरलं तेव्हा तालमीत दोन तट पडले होते, ही घरातली आवडती गोष्ट. दोन्ही तालमींचा सामना असला की मामी सकाळपासून शब्द बोलायची नाही. तिचा सख्खा भाऊ समोरच्या संघात लेफ्ट आउट, म्हणजे मैदानावर बरोबर मामाच्या अंगावर येणारा. संध्याकाळी दोघंही आमच्याच घरी चहाला. ज्याच्या गुडघ्याला जास्त लागलेलं असेल त्याला मामी आधी चहा द्यायची, त्यावरून कोण जिंकलं ते ओळखता यायचं नाही.

सगळं असं गोड नव्हतं. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हा सामना कोल्हापुरात नुसता सामना नसतो. गॅलरीतून दगड आले आहेत, बाटल्या आल्या आहेत, रस्त्यावर गाड्या फुटल्या आहेत, स्पर्धा मधेच थांबवाव्या लागल्या आहेत. पोलिसांचा बंदोबस्त हा लीगच्या खर्चाचा नेहमीचा भाग आहे. मामाच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. तो दगड त्याच्याच बाजूच्या गॅलरीतून आलेला, नेम चुकलेला. तो ही गोष्ट हसत सांगायचा, मला ती कधी हसण्यासारखी वाटली नाही. गल्लीवरच्या प्रेमाचं कौतुक करणाऱ्या लेखांमध्ये हा दगड हटकून गाळलेला असतो. ज्या पोराला मैदानात उतरायची जर्सी मिळाली नाही त्याच्या हातात दगड येतो, असं मामाचं म्हणणं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पोरापेक्षा वयानं मोठ्या कुणीतरी त्याला तो उचलून दिलेला असतो.

ऐंशीच्या दशकात मामाचं खेळणं थांबलं आणि बघणं सुरू झालं. त्यानंतर लीग बदलत गेली, हळूहळू, मग एकदम. तालमींच्या जागी सिमेंटच्या इमारती झाल्या, खाली गाळे, वर जिम. लाल मातीचा हौदा बऱ्याच ठिकाणी राहिला नाही. जुने वाडे पाडून अपार्टमेंट झाली आणि गल्लीतली निम्मी घरं कळंब्याकडं, आर. के. नगरकडं निघून गेली. खेळाडूंना मानधन आलं. हंगामाआधी केएसएच्या कार्यालयात खेळाडू नोंदणी असते, ती पूर्वी औपचारिकता होती, आता कोण कुठल्या संघाकडं गेला याची गावभर चर्चा. एका वर्षी एका पेठेसाठी रडलेला पोरगा पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेची जर्सी घालतो. मग परदेशी खेळाडू आले, बहुतेक नायजेरियाचे. त्यांच्यावरून मोठे वाद झाले.

मला वाटलं होतं मामा या सगळ्यावर तोंडसुख घेईल. घेतलं नाही. पैशाबद्दल तो म्हणाला, आम्हाला कुणी दिले असते तर आम्ही नको म्हटलं असतं काय? गुडघा गेला तेव्हा त्याच्या उपचाराचा खर्च त्यानं स्वतः केला होता, तालमीनं वर्गणी काढायची ठरवली होती, ती निघेपर्यंत गुडघा आपोआप जसा बरा व्हायचा तसा झाला होता. हौसेच्या खेळाची ही बाजू त्याला पक्की माहीत होती. आणि नायजेरियाच्या एका पोराचा तर तो भक्तच झाला. तो पोरगा गोल चुकला की मराठीत स्वतःलाच शिवी द्यायचा. मामाच्या लेखी त्या दिवसापासून तो पेठेतला झाला.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना दिल्लीत झाला, आम्ही टीव्हीवर बघितला, भारत ०-३ असा हरला. पुढच्या सामन्यात कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं डोक्यानं गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला गोल. सगळं घर ओरडलं. मामा टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसलेला. त्यानं मागं वळून विचारलं, "आपला अनिकेत कुठल्या पेठेतला?" विश्वचषक झाला तरी पत्ता लागतोच.

त्याच्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात लीगची कात्रणं होती, 'पुढारी'ची जास्त. जुनी कार्यक्रमपत्रिका, फाटलेली एक जर्सी, आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले संघाचे फोटो. पूर्वीचे छायाचित्रकार फोटोखाली सुबक अक्षरात नावं लिहून द्यायचे. उभे, डावीकडून. बसलेले, डावीकडून. पायाशी दोन राखीव खेळाडू आणि मधे चेंडू, त्यावर चुन्यानं साल लिहिलेलं. मामा प्रत्येक फोटोत उभ्यांमध्ये, उजवीकडून दुसरा किंवा तिसरा, हाताची घडी, भुवईवरच्या खुणेची बाजू कॅमेऱ्यापासून वळवलेली.

मामाचा वाडा पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा सामान वेगवेगळ्या नातेवाइकांकडं गेलं. ट्रंक शुक्रवार पेठेत मावशीकडं ठेवली, तळमजल्यावरच्या खोलीत. ते वर्ष २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मावशीला आणि काकांना नावेतून काढलं. काढणारी पोरं एका तालमीचीच होती. पाणी उतरल्यावर आम्ही खोली उघडली तेव्हा ट्रंक होती तिथंच होती, झाकणाच्या कडेपर्यंत गाळ. कात्रणांचा एक गोळा झाला होता. तो उन्हात ठेवला, पानं सुटी करायचा प्रयत्न केला, हाताला नुसता लगदा लागत होता. फोटो त्या मानानं टिकले. चेहरे डागाळले, पण ओळखू येत होते. पुठ्ठा मात्र सुटला होता आणि त्यावरची शाई पसरून निळसर डाग राहिले होते. नावं गेली.

मामा त्या वेळी काही बोलला नाही. दोन-तीन दिवसांनी म्हणाला, "वही आण. मी सांगतो, तू लिही."

आणि आम्ही बसलो. पहिल्यांदा मला वाटलं, हा सालवार सांगेल, विजेते, उपविजेते, गोल. तसं काही झालं नाही. त्याच्या डोक्यात लीग सालाप्रमाणं लावलेली नव्हती, मोडलेल्या हाडांप्रमाणं आणि लग्नांप्रमाणं लावलेली होती. "धाकल्या सुताराचा हात मोडला त्या वर्षी फायनल पावसानं पुढं गेली." "तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही सेमीत आलो, हळदीला मी एका पायानं लंगडत होतो." साल मी काढायचं, लग्नपत्रिकेवरून. अंतिम सामन्यांच्या निकालापेक्षा त्याला वळवाच्या पावसात झालेला एक बिनमहत्त्वाचा सामना जास्त आठवायचा, कारण त्यात समोरच्या गोलकीपरनं थांबून ह्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली होती. निकाल वर्तमानपत्रात असतात आणि वर्तमानपत्रांच्या फायली कुठं ना कुठं मिळतात. ती नाडी मिळत नाही.

हॅण्डची गोष्ट या वहीत आहे. उपांत्य सामना, बरोबरी, शेवटची काही मिनिटं. मामाच्या संघाच्या गोलसमोर गर्दी, चेंडू उडाला, पंचांनी शिट्टी मारून पेनल्टी दिली. राइट हाफच्या हाताला लागला म्हणून. गोल झाला, सामना गेला. त्या संध्याकाळी पंचांना पोलिसांच्या गाडीतून न्यावं लागलं. वर्तमानपत्रानं निर्णय वादग्रस्त ठरवला. तालमीनं तक्रार केली. नंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या घरात, गल्लीत, पानाच्या ठेल्यावर ही गोष्ट एकाच पद्धतीनं सांगितली गेली: चेंडू खांद्याला लागला होता, पंच विकला गेला होता. वाट्यांच्या सामन्यातही मामा सुपारी चेपक्या वाटीच्या खांद्याला लावून दाखवायचा. वाटीला खांदा कुठं असतो, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

त्या दिवशी वहीत इथपर्यंत आलो आणि तो थांबला. म्हणाला, "लिही. बॉल हाताला लागला होता."

मी वर बघितलं.

"कोपराच्या वर. मुद्दाम नव्हता लावला. पण लागला. पंच बरोबर होता." मग म्हणाला, "आत्ता कुणाला दाखवू नकोस. मी गेल्यावर काय छापायचं ते छाप."

ते पंच तेव्हाही हयात नव्हते. त्यांचं नाव मामाला आठवत होतं, त्यानं ते सांगितलं, मी लिहिलं. त्यांच्या घरच्यांना मी ते नंतर जाऊन सांगितलं आहे, म्हणून इथं देत नाही.

वही मार्च २०२० पर्यंत, टाळेबंदी लागेपर्यंत चालली. लीगही तेव्हाच थांबली, स्टेडियमचं फाटक बंद झालं. मी पलीकडच्या उपनगरात, मामा पेठेत, मधे बांबू लावून बंद केलेले रस्ते. फोनवर तो सांगायचा नाही. वाट्या समोर नसल्या तर कसं सांगू, म्हणायचा. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनानं तो गेला.

कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. दहन शेणींवर होतं, आणि त्या शेणी गाव देतं. होळी लहान करायची आणि जमवलेल्या शेणी स्मशानभूमीला द्यायच्या, अशी प्रथा तालमी-मंडळांनी पाडली आहे. मामा दर होळीला पोरं घेऊन हातगाडीवरून शेणी पोचवायला जायचा. एरवी असा जुना खेळाडू गेला तर अख्खी तालीम मागं चालली असती, समोरच्या पेठेतलेही आले असते, मामीचा भाऊ तर खांद्याला असता. त्या दिवशी आत सोडली ती मोजकी माणसं, तीही लांब उभी. मामीच्या भावाला घरातूनच बाहेर पडता आलं नाही, त्यालाही ताप होता. तो वाचला. अजून आहे. सामना असला की मामीला फोन करतो आणि दोघं बराच वेळ काही न बोलता फोन धरून बसतात, असं मामेबहीण सांगते.

लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा मी स्टेडियमवर गेले. आज्जीनं "आता पुरे" म्हटल्यानंतर पहिल्यांदाच. आता बायका येतात, मुली येतात, शहरात मुलींचे संघ आहेत आणि ते चांगले खेळतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका पोरीनं सबंध सामनाभर असे शब्द वापरले की तिच्या कानावर हात ठेवण्यात अर्थच नव्हता. खेळ मामाच्या वेळेपेक्षा वेगवान आहे, पोरं सरावाची आहेत, पास जमिनीवरून जातात. ह्या पोरांना मामाच्या पिढीतल्या एकाचंही नाव ठाऊक नसेल, आणि त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. खेळणाऱ्यानं पुढंच बघावं. आठवण ठेवायचं काम न खेळणाऱ्यांचं आहे, म्हणजे माझ्यासारख्यांचं.

ते काम किती अवघड आहे, ते आता कळतं आहे. माझ्याकडं वही आहे आणि फोटो आहेत, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. वहीत माणसं आहेत: टेलर, घाऱ्या, पोस्टमन, धाकला सुतार, मुका. मुका अजिबात मुका नव्हता, फार बोलायचा म्हणून मुका. मामाला खरी नावं लागत नव्हती, तो त्यांच्याबरोबर जेवलेला होता. फोटोत चेहरे आहेत, अकरा उभे-बसलेले आणि दोन पायाशी. यातला टेलर कोण? बसलेल्यांमधला जो हसतोय तो मुका असावा, असा माझा अंदाज. मी हे फोटो घेऊन पेठेतल्या जुन्या लोकांकडं जाते. कुणी चष्मा पुसून एक-दोघं ओळखतात, कुणी मामाकडं बोट दाखवून भलत्याचंच नाव घेतात, कुणाला आठवतं पण जीभ वळत नाही. मागच्या वेळी ज्यांनी तिघांची नावं सांगितली त्यांच्याकडं उरलेल्यांसाठी पुन्हा जायचं म्हटलं, तर त्यांच्याच दारात मांडव होता, दहाव्याचा.

ऐंशीहून जास्त वर्षं चाललेली लीग आहे ही. चषकावर विजेत्या संघाचं नाव कोरलेलं असतं, राइट हाफचं नसतं. पंचाचं नसतं. लिंबं कापणाऱ्याचं तर नाहीच.

म्हणून कोल्हापूरकरांना, आणि कोल्हापूरच्याच कशाला, जिथं जिथं गल्लीच्या संघानं एखादी लीग खेळली आहे अशा गावातल्या सगळ्यांना एक विनंती आहे. घरात माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या मागं संघाचा जुना फोटो असेल तर तो आज खाली काढा. घरातलं जे माणूस नावं सांगू शकतं त्याच्या शेजारी बसा आणि फोटोच्या पाठीवर लिहून घ्या. टोपणनाव लिहा आणि आडनावही लिहा. उभे डावीकडून, बसलेले डावीकडून, आणि पायाशी बसलेली दोन पोरंही सोडू नका. तालमीच्या कार्यालयात एक प्रत द्या, समोरच्या तालमीलाही द्या, त्यांच्याकडं तुमची माणसं जास्त नीट ओळखणारं कुणीतरी निघेल. फक्त पेनानं लिहू नका, पेन्सिलीनं लिहा. पुराच्या पाण्यात शाई पसरते, शिसं पसरत नाही.